वाघ्याला निरोप देताना

“अगं, एका कुत्र्यासाठी एवढं?”

आमचा वाघ्या गेला तो २०२४ च्या मार्चमध्ये. पण हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. बोलणारी शेजारीण काही वाईट बाई नव्हती. माझे सुजलेले डोळे पाहून तिला काय बोलावं ते सुचलं नसेल. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्यांच्या दारात कधी एखादं मुकं जनावर वाढलं असेल, त्यांनी हे वाक्य नक्की ऐकलं असणार. म्हणून आज ठरवलं, वाघ्याबद्दल लिहायचंच. आणि त्याच्या निमित्ताने आमच्या घरात जो पेच पडला होता, त्याबद्दलही.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात साताऱ्याच्या खंडोबाला चंपाषष्ठीला मोठी गर्दी होते. खंडोबा आमचं कुलदैवत. २०१० च्या डिसेंबरात आम्ही सगळे दर्शनाला गेलो होतो. भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून झाला, प्रथेप्रमाणे सासूबाईंनी त्यातला एक घास कुत्र्यासाठी काढून ठेवला. तो खायला आलं एक एवढंसं पिल्लू. मातकट रंगाचं, पोट आत गेलेलं. घास संपला तरी ते जाईना. रिक्षापर्यंत मागे आलं. माझी आठ वर्षांची लेक आणि चार वर्षांचा धाकटा, दोघांनी रस्त्यातच भोकाड पसरलं. हे म्हणाले, “मुळीच नाही.” मीही म्हणाले, “मुळीच नाही.” कारण घरातलं सगळं शेवटी कोणाच्या अंगावर पडतं, ते मला माहीत होतं!

पण सासूबाई म्हणाल्या, “देवाच्या दारातनं आलंय. खंडोबाचं कुत्रं हाकलायचं नसतं.” झालं, विषय संपला. मुलांना त्याचं नाव ‘खंडू’ ठेवायचं होतं. सासूबाईंनी डोळे वटारले. देवाच्या नावाने कुत्र्याला हाका मारायच्या नाहीत. “वाघ्या म्हणा. खंडोबाचा भक्त तो.” असा वाघ्या आमच्या सिडकोतल्या घरी आला. येतानाच सासूबाईंनी कायदाही सांगितला, स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा नाही.

तुम्हाला सांगते, तेरा वर्षं त्याने तो उंबरठा ओलांडला नाही. मी भाकरी थापत असले की हा बाहेर बसून हनुवटी बरोबर उंबरठ्यावर टेकवायचा. शेवटची, जरा जाडसर भाकरी त्याची. जर्मनच्या ताटलीत ताक घालून कुस्करून दिली की दोन मिनिटांत ताटली चकाचक. त्यासाठी वेगळं काही आणावं लागलं नाही. गावठी कुत्रं, सांभाळायला सोपं. फक्त लसी मात्र वेळच्या वेळी दिल्या. त्याच्या लसीच्या पुस्तिकेवर शहराचं नाव शेवटपर्यंत ‘औरंगाबाद’च राहिलं. २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं, वाघ्याची पुस्तिका काही बदलली नाही.

आणि त्याचं एक मोठं काम होतं. ज्यांच्या नळाला रोज पाणी येतं त्यांना ते कळायचं नाही. आमच्या शहरात पाणी म्हणजे सणच. कधी पाच दिवसांनी, कधी आठ, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तेही रात्री-बेरात्री. पाणी यायच्या आधी नळातून हवेचा फुस्स आवाज येतो. तो आम्हाला कधी ऐकू आला नाही, वाघ्याला आला. तो थेट ह्यांच्या पलंगाशी जाऊन दोनदा भुंकायचा. मग आमची पळापळ. मोटर लावा, पिंपं भरा, हंडे-कळशा भरा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, “तुमचा वाघ्या भुंकला की आम्ही उठतो.”

२०२३ च्या दिवाळीपासून तो पाणी फार पिऊ लागला. मला वाटलं, वय झालं, तहान लागत असेल. मग रात्रीतून दोन-तीनदा बाहेर जायला मागू लागला. मग भाकरी अर्धी टाकू लागला. संक्रांतीच्या सुमारास उलट्या सुरू झाल्या, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं. किडनी निकामी होत आली होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, ते मी मुद्दाम इथे देते. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हा आजार खूप दिसतो. किडनीचं साधारण पाऊण काम बंद पडेपर्यंत रक्ताच्या साध्या तपासणीत फारसं कळत नाही. जास्त पाणी पिणं, जास्त लघवी होणं, वजन उतरणं, तोंडाला घाण वास येणं, ही तिची आधीची लक्षणं. तुमचं कुत्रं सात-आठ वर्षांच्या पुढे असेल आणि पाण्याचं भांडं लवकर रिकामं होऊ लागलं, तर माझ्यासारखं ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. लवकर कळलं तर पथ्याने आणि औषधाने आणखी बरेच दिवस मिळू शकतात.

आम्हाला उशीर झाला होता. सलाइन लावलं की दोन दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. फेब्रुवारी उजाडला तेव्हा डॉक्टर हळूच म्हणाले, “ताई, आता त्याचा त्रास पाहून निर्णय घ्यावा लागेल.” म्हणजे झोपेचं इंजेक्शन.

कसा घ्यायचा असला निर्णय? मी डॉक्टरांनाच विचारलं. त्यांनी एक पद्धत सांगितली. अमेरिकेतल्या अ‍ॅलिस व्हिलालोबोस नावाच्या पशुवैद्य बाईंनी ती २००४ मध्ये मांडली. सात गोष्टी बघायच्या. वेदना किती, खाणं किती, पाणी पोटात टिकतं का, अंग स्वच्छ राहतं का, तो आनंदी दिसतो का, उठून चालतो का, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. सत्तरपैकी पस्तिसाच्या वर असेल तर त्याचं जगणं बरं चाललंय म्हणायचं.

आमच्या फ्रिजशेजारी कॅलेंडर लटकलेलं असतं, त्यावर मी दुधाचा हिशेब लिहिते. दुधाच्या आकड्याशेजारी मी वाघ्याचे गुण लिहू लागले. एकतीस. चौतीस. अठ्ठावीस. बावीस. आकडे खोटं बोलत नाहीत. आपलं मन मात्र म्हणत राहतं, आज शेपूट हलवली ना, मग बरा होईल.

आणि खरा पेच इथेच होता. धाकट्याची बारावी.

फेब्रुवारी-मार्च म्हणजे बोर्डाची परीक्षा. चार वर्षांचा असताना ज्याच्यासाठी तो रिक्षात रडला, त्याच वाघ्याच्या पाठीवर पाय ठेवून रात्री अभ्यासाला बसणारा मुलगा. वाघ्या आजारी आहे हे त्याला माहीत होतं, पण किती ते नव्हतं. हे म्हणाले, “त्याला काही सांगायचं नाही. तो पेपरला गेला की डॉक्टरांना बोलावू. झोपेतच गेला म्हणून सांगू. वर्षाचा प्रश्न आहे.”

ह्यांचंही चुकत नव्हतं. कोणत्या आईला आपल्या मुलाचा पेपर बिघडलेला चालेल? मी ‘बरं’ म्हणाले. आणि त्या रात्री मला मोती आठवला.

माझं माहेर सिल्लोडचं. मी नऊ वर्षांची असताना आमच्याकडे मोती नावाचं कुत्रं होतं. एक दिवस शाळेतून आले तर मोती नाही. दादा म्हणाले, “शेतावर नेऊन सोडलाय, राखणीला.” मी रोज विचारायची, शेतावर कधी जायचं? आज नाही, उद्या. पुढे मी विचारणंच सोडलं. मात्र शाळेतून येताना शेताकडच्या रस्त्याला पाच मिनिटं थांबायची. येईल म्हणून. कितीतरी वर्षांनी, माझ्या लग्नानंतर, आई सहज बोलून गेली की मोती ट्रकखाली सापडला होता. दादांनी मला रडू येऊ नये म्हणून सांगितलं नव्हतं. मायेपोटीच. पण मला मोती गेल्याचं दुःख झालं नाही, दुसरंच झालं. मी ज्याची वाट पाहत उभी राहायची तो तेव्हाच नव्हता, आणि घरात सगळ्यांना ते माहीत होतं.

सकाळी मी ह्यांना म्हटलं, “मी त्याला सांगणार आहे.” हे चिडले. दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. मग दोन पेपरांच्या मध्ये जी सुट्टी होती, त्यात मी धाकट्याला गच्चीवर नेलं. कॅलेंडरवरचे आकडे सांगितले. डॉक्टर काय म्हणतात ते सांगितलं. बाबांना काय वाटतं तेही सांगितलं. लपवलं काहीच नाही. तो कठड्याला धरून बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, “आई, मला माहितीये. तो रात्री कण्हतो. मी कानात गाणी घालून अभ्यास करतो.” तेव्हा मला कळलं, आपण मुलांपासून ज्या गोष्टी लपवतो त्या त्यांना ठाऊक असतात. फक्त ती एकटीच सोसत बसतात.

“परवाचा पेपर झाला की करा,” तो म्हणाला. “पण मी असताना.” मग त्याने स्वतःच ताईला पुण्याला फोन लावला. ती रात्रीच्या बसने निघाली.

राहिल्या सासूबाई. त्यांनी आधीच सांगितलं होतं, “पाप आहे हे. जीव देणारा तो, घेणारे आपण कोण?” मी वाद घातला नाही. वाद घालून असल्या गोष्टी पटत नसतात. पण आदल्या रात्री वाघ्याला उठता येईना, तेव्हा मी उठून पाहते तर सासूबाई त्याच्याजवळ फरशीवर बसलेल्या. गुडघे दुखतात म्हणून देवपूजाही खुर्चीवर बसून करणाऱ्या सासूबाई! मला म्हणाल्या, “तुझ्या सासऱ्यांचे शेवटचे चार महिने मी काढलेत. रोज देवाला म्हणायची, सोडव रे बाबा ह्यांना. माझ्या हातात काही नव्हतं.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “बोलाव डॉक्टरला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर घरी आले. त्यांनी आधी मुलांना सगळं समजावून सांगितलं. ते फार बरं झालं. पहिलं इंजेक्शन गुंगीचं, त्याने तो शांत झोपेल. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. श्वास थांबतो, हृदय थांबतं, काही मिनिटांतच. डोळे उघडे राहू शकतात, नंतर एखादा खोल श्वास घेतल्यासारखं वाटतं, लघवी होते. ती वेदना नव्हे, शरीर सैल पडतं इतकंच. आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही.

मी त्याला दह्याचा एक चमचा चाटवला. लेकीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. धाकट्याने पुढचा पाय हातात धरला. हे दाराशी उभे होते, ते येऊन त्याच्या पाठीशी बसले. डॉक्टरांनी विचारलं, “करू?”

“थांबा,” सासूबाई म्हणाल्या.

त्या देवघरात गेल्या. तांब्याचा गंगेचा गडू फोडून आणला. काशीहून आणलेला, घरात कोणाच्या तरी शेवटासाठी जपून ठेवलेला. सासूबाईंचं माहेर पैठणचं. नाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ती गोष्ट त्यांनी माझ्या मुलांना शंभरदा सांगितलेली. त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत. तुळशीचं पान बुडवून दोन थेंब वाघ्याच्या ओठांवर सोडले. आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवला. तेरा वर्षांत मी त्यांना त्याला हात लावताना पाहिलं नव्हतं.

तो शांतपणे गेला. धाकट्याच्या हातातला पाय जड झाला, एवढंच.

माझ्या धाकट्या दिरांचं पाचोडजवळ शेत आहे, मोसंबीची बाग. शहरात जागा कुठली? मुंबईत महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय केली, तशी सोय सगळीकडे नसते. वाघ्याला जुन्या सुती चादरीत गुंडाळून आम्ही शेतावर नेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, औषधाचा अंश शरीरात राहतो, दुसऱ्या जनावराने उकरून खाल्लं तर त्याच्या जिवाला धोका. म्हणून खड्डा चांगला खोल हवा, प्लॅस्टिक नको, पाण्यापासून लांब हवा. “विहिरीच्या अंगाला नको, वहिनी, बांधाला घेऊ,” म्हणत दिरांनी बांधाजवळ चार फूट खड्डा आधीच घेऊन ठेवला होता. सगळ्यांनी माती लोटली. ह्यांना तिथे रडू फुटलं. मुलांनी बाबांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. त्यानेही काही बिघडलं नाही.

बिघडला नाही तो पेपरही. धाकट्याने राहिलेले पेपर दिले. एकदाही म्हणाला नाही की मला सांगायला नको होतं. ह्यांनीच एक दिवस चहा पिताना कबूल केलं, “तू म्हणालीस तेच बरोबर होतं.” आमच्या ह्यांच्या तोंडून हे वाक्य म्हणजे काय, ते घरोघरच्या बायकांना वेगळं सांगायला नको!

मग ती शेजारीण आली. “अगं, एका कुत्र्यासाठी एवढं?” मी काही बोलायच्या आत सासूबाई आतून म्हणाल्या, “कुत्र्यासाठी नाही बाई. घरातलं माणूस गेलंय.”

पुढे धाकट्याने मला दोन गोष्टी शोधून वाचून दाखवल्या. मुंबई पोलिसांकडे झंजीर नावाचं कुत्रं होतं. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी त्याने तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स हुंगून शोधून काढलं. किती जीव वाचवले त्याची गणती नाही. २००० सालच्या नोव्हेंबरात ते हाडांच्या कॅन्सरने गेलं, तेव्हा पोलिसांनी त्याला फुलं वाहून, सलामी देऊन निरोप दिला. आणि दुसरी त्याहून जुनी. जर्मनीत बॉनजवळ १९१४ मध्ये एक कबर सापडली, सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीची. एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्यासोबत पुरलेलं एक कुत्र्याचं पिल्लू. पिल्लाच्या दातांवरून संशोधकांनी सांगितलं की ते फार आजारी होतं. कोणीतरी त्याची सेवा केली नसती तर ते तितके आठवडे जगलंच नसतं. शेती नव्हती, गाव नव्हतं, तेव्हाही कोणीतरी आजारी पिल्लाजवळ रात्र जागवली होती. मला वाटतं, त्या बाईलाही कोणीतरी म्हणालं असेल, एका कुत्र्यासाठी एवढं?

मैत्रिणींनो, मला एवढंच सांगायचंय. घरातलं जनावर जायला लागलं की आपण बायका सगळ्यांना सांभाळत बसतो. मुलांना कळू नये, म्हाताऱ्यांना त्रास नको, नवऱ्याला ऑफिस. आणि निरोप कोणाचाच राहत नाही. तसं करू नका. मुलांना त्यांच्या वयाला समजेल असं, पण खरं सांगा. ‘शेतावर गेला’ म्हणू नका. ‘झोपला’ म्हणू नका, लहान मुलं मग स्वतः झोपायला घाबरतात. त्यांना शेवटी हात फिरवू द्या. यायचं नसेल तर जबरदस्तीही करू नका. रडू आलं तर चारचौघांत रडा. लाज कसली?

वाघ्या गेल्यावर सहाव्या की सातव्या दिवसाची गोष्ट. सकाळी उठून पाहते तर अंगण ओलं, शेजारच्यांच्या टाक्या भरलेल्या. रात्री पाणी येऊन गेलं होतं. आमची पिंपं कोरडी. कोणी भुंकलंच नाही, आम्हाला जागच आली नाही. गल्लीत आणखी दोन घरं अशीच राहिली होती. त्यांतलं एक त्या शेजारणीचं.

दुपारी ती रिकामी कळशी घेऊन आमच्या पायरीवर येऊन बसली. काही बोलली नाही. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, “तुमचा वाघ्या असता तर...”

मी आत जाऊन दोघींसाठी चहा ठेवला.